व्याह्यांचा पक्ष आणि नातीचं नाव

वलवण, गुरुवार

प्रिय ताजू,

तुला सप्रेम नमस्कार, दस्तगीरभाईंना सलाम आणि लहानग्या रुमाईसाला पापा. दस्तगीरभाईंचा गुडघा आता कसा आहे? तुझी साखर? (खरी सांग. डॉक्टरांना सांगतेस ती नको.) आम्ही सगळे इथे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमच्या घरात सध्या एक अख्खा राजकीय पक्ष मुक्कामाला आहे आणि भिंती पातळ आहेत. शेजारचा श्रीयश रोज कामाला तळेगावला जातो, तो पत्र तुझ्या हातात देईल.

तर रविवारी वल्लरीच्या मुलीचं बारसं. त्यासाठी जावयाचे, म्हणजे तोमाशचे, आईवडील युरोपातून आले आहेत. त्यांच्या देशाचं नाव मला अजून धड घेता येत नाही, पण तिथे पूर्वी कम्युनिस्टांचं राज्य होतं, ते पडलं, आणि ते पडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या व्याह्यांनी आणि विहीणबाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात उदारमतवादी पक्ष काढला. हे मला इतकं पाठ कसं, विचारशील. अगं, रोज सकाळी चहाबरोबर एक निवडणूक ऐकते मी. शाळेत सिस्टरनी इंग्रजी इतकं घासून घेतलं त्याचा आत्ता पहिल्यांदा पश्चात्ताप होतोय, कारण घरात बसून ऐकून घेणारी मी एकटीच. आमचे हे ऐकण्याचं यंत्र काढून ठेवतात.

पहिल्या निवडणुकीत लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. व्याही गणिताचे मास्तर होते, ते एकदम उपमंत्री झाले. त्यांनी चपलांचा सरकारी कारखाना विकून टाकला, म्हणजे बाजार काय ते बघेल. बाजाराने बघितलं. त्याने कारखान्याच्या जागी फ्लॅट बांधले आणि गावाने बाहेरून आलेल्या चपला दुप्पट भावाने घेतल्या. दुसऱ्या निवडणुकीत लोकांनी त्याच चपला हाणल्या, म्हणजे नुसत्या दाखवल्या, असं व्याही म्हणतात. मग हरलो का, यावर बैठक बसली आणि पक्ष फुटला. विहीणबाईंचं म्हणणं, आपण पुरेसे उदार नव्हतो. व्याह्यांचं म्हणणं, फार उदार होतो. विहीणबाईंनी खऱ्या उदारमतवाद्यांचा वेगळा पक्ष काढला, त्याच घरात, वरच्या मजल्यावर. पुढे व्याह्यांचा गट एका देशाभिमानी पक्षाबरोबर फक्त चार वर्षांसाठी गेला आणि परत येताना अर्धाच आला. मग कुणीतरी सुचवलं की लोकांना 'उदारमतवादी' या शब्दाचाच राग येतो, तेव्हा नावातून तो काढावा. काढला. आता पक्षाच्या नावात काहीच उरलं नाही, आणि पक्षातही. मी यांना ओरडून ही सगळी हकीकत सांगितली तर हे म्हणाले, "एवढ्यासाठी त्यांना तीस वर्षं लागली? आपल्याकडे हे एका दुपारी होतं, आणि संध्याकाळी फ्लेक्सही लागतो." आणि पुन्हा यंत्र काढलं.

नवराबायको एकमेकांशी सभ्यपणे बोलतात, पण तोमाशमार्फत. मीठ हवं असलं तरी. सरूबाई पहिल्या दिवशी भांडी घासता घासता बघत राहिली आणि मला म्हणाली, "मावशी, ह्ये लय भांडत्यात, पर ताट वाढल्याबिगर कुनी उठत न्हाई. मंजी घरातलंच हाय." ताजू, मी त्या दोघांना हसते खरी, पण काल विहीणबाईंनी मला फोटो दाखवला. स्वयंपाकघरात चौदा माणसं दाटीवाटीने बसलीत, मधल्या टेबलावर सूप, आणि ही दोघं एका खुर्चीवर. इतकी तरुण, आणि जग आता नीट होणारच अशा चेहऱ्याची. आपल्या शाळेच्या शेवटच्या दिवशीच्या फोटोत तुझा-माझा चेहरा तसाच आहे. (तुझा जरा कमी. तुला गणितात नापास व्हायची भीती होती.)

असो. मुद्दा नावाचा. सोमवारी जेवताना व्याही म्हणाले, मोठ्यांनी परस्पर नाव लादणं ही हुकूमशाही, गुप्त मतदान घ्या. मतपेटी म्हणून त्यांनी आमचा कुकर पसंत केला, कारण झाकण घट्ट बसतं. मतं सहा. मोजली तर पाच नावांना एकेक मत आणि एक चिठ्ठी कोरी. (कोरी माझी. नावाबाबत माझं काहीच म्हणणं नाही, हे मी पहिल्यापासून सांगतेय.) व्याह्यांना त्यांच्या भाषेतलं स्वातंत्र्य या अर्थाचं नाव हवं, ते उच्चारताना दातात सुपारी अडकल्यासारखं होतं. विहीणबाईंना हेलेना. यांना मुक्ता, वल्लरीला आयरा, आणि तोमाशने भीत भीत कमळ लिहिलं होतं, बिचारा. मंगळवारी व्याही आणि आमचे हे यांची युती झाली, मुक्ता हे पाळण्यातलं आणि सुपारीवालं बाहेरचं. ती चहापर्यंत टिकली. विहीणबाई सभात्याग करून व्हरांड्यात बसल्या आणि तिथे त्यांना डास चावले, तेही युतीच्या खात्यावर गेले.

आणि काल कहर झाला. व्याह्यांनी तोडगा मांडला, की मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचं नावच ठेवू नये, मग तिने स्वतः ठरवावं. विहीणबाई उभ्या राहिल्या आणि थेट नवऱ्याला म्हणाल्या, "तू पूर्वीच असं बोलला असतास, तर पक्ष फुटला नसता." दोघांनी हात मिळवले. तोमाशच्या डोळ्यांत पाणी. वल्लरीच्याही, पण ते वेगळ्या कारणाने. लाडवांची ऑर्डर गेली, पाळणा सजला, कुसगावपासून कामशेतपर्यंत आमंत्रणं गेली, आणि बाळाला नाव नाही. माझी नात अठरा वर्षं 'ए' राहणार.

तुझी,
शैला

ता. क. तोमाशला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. नाव बाळाच्या कानात आत्याच सांगते, ही आमच्याकडची रीत आहे. ती आत्या तू. रविवारी सकाळच्या लोकलने घोरावाडीहून निघ. दस्तगीरभाईंना घेऊन ये.

ता. क. २. तू पाळण्यात वाकलीस की कानात 'द्वारका' म्हण, 'कुर्र' कर, आणि लगेच मोठ्याने सगळ्यांना सांग. आईच्या नावाचं आता जगात कुणीच नाही गं. तुझी वेणी घालताना ती म्हणायची, माझ्या दोन मुली, एक शुक्रवारची आणि एक सोमवारची. हे मला मतपेटीत घालता येईना. पाठीवर धपाटे बसण्याआधी जाहीर झालं पाहिजे, त्यानंतर फेरमोजणी नसते. वल्लरी चार दिवस रुसेल. रुसू दे.

ता. क. ३. बारशाला नाव आत्याच ठेवते आणि ती आत्या तू, हे मी तोमाशला समजावत होते ते ऐकलं गेलं. विहीणबाई हळूच येऊन तुझा नंबर मागून गेल्या. पाच मिनिटांनी व्याही. मी दोघांनाही दिला, शेवटचा आकडा बदलून. तो कुठल्याशा हॉटेलचा निघाला. आत्ता दोघं व्हरांड्यात एका खुर्चीवर, एकाच फोनला कान लावून बसलीत आणि त्या माणसाला आळीपाळीने आपापलं नाव पटवून देताहेत. तो विचारतोय, एसी की नॉन-एसी.