दोर धरून उभ्या असलेल्या दादास

विस्कॉन्सिन,
फेब्रुवारी, पारा शून्याखाली बावीस

ऊनभोगी, बर्फत्यागी, ॲरिझोनानिवासी दादा हार्लन यास धाकट्या वेंडेलचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या उभ्यानेच घातला आहे, गोड मानून घे.)

इकडे सर्व क्षेम, म्हणजे कोणी मेलेलं नाही. तुझा रक्तदाब काय म्हणतो, वहिनी कशा आहेत, ते सविस्तर कळव. अकरा वर्षांत तुझी अकरा ख्रिसमसची कार्डं मिळाली. प्रत्येकावर ‘सर्वांना नमस्कार’ एवढेच दोन शब्द. एवढ्याशा मजकुरासाठी टपालखात्याला कशाला त्रास देतोस, कळत नाही.

पत्रास कारण की, तुला ठार मारायला तुझी लेखी परवानगी हवी आहे.

तुला म्हणजे तुझ्या ट्विगोला. आपण दर शनिवारी दुपारी माझ्या तळघरात बसून खेळायचो (आम्ही अजूनही खेळतो), त्या खेळातला तुझा तो भुरटा चोर. मी सूत्रधार, बाकीचे आपापल्या सोंगात. मी संकट सांगायचं, तुम्ही त्यावर काय करणार ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. हे तू विसरला नसशील, पण अकरा वर्षं गोल्फ खेळलेल्या माणसाचा काय भरवसा?

त्या दिवशीचंही सांगून टाकतो, म्हणजे नंतर ‘मला आठवत नाही’ म्हणायला नको. आपली मंडळी एका खोल विहिरीत उतरत होती. तिघं दोराला लटकलेले आणि वर काठावर दोर धरून एकटा ट्विगो. दोर टिकतो की सुटतो, यासाठी तू फासा टाकलास. तो टेबलावरून उडाला, जमिनीवर घरंगळला आणि थेट भट्टीखाली गेला. (घर गरम करणारी आपली ती जुनी भट्टी, वडिलांनी बसवलेली.) तू टॉर्च घेऊन पालथा पडलास आणि उठून म्हणालास, वीस पडलेत. वीस! म्हणजे याहून चांगलं दान नाही. मी म्हटलं, जमिनीवर पडलेला फासा धरत नाहीत, पुन्हा टाक. तू म्हणालास, मी डोळ्यांनी बघितलंय. मग मी चारचौघांत जे बोललो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, “दादा, तू लहानपणापासून खोटारडा आहेस.”

तू कोट चढवलास. ‘गाडी गरम करून येतो’ म्हणालास आणि गेलास. आता मला सांग, ही काय जायची पद्धत झाली? आपल्याकडे माणूस मांडीवर थाप मारून ‘चला, निघतो’ म्हणतो आणि त्यानंतर तासभर निघत नाही. दारात उभं राहून हवेबद्दल बोलतो, उरलेल्या केकचा डबा घेतो, गाडीची काच खाली करून पुन्हा हवेबद्दल बोलतो. वडिलांच्या अंत्यविधीनंतरसुद्धा तू माझ्या दारात पाऊण तास उभा होतास. त्या दिवशी एक मिनिट नाही. पंधरा दिवसांनी तुझ्या घरापुढे विक्रीची पाटी लागली.

आता दुसऱ्याच्या सोंगाला हात लावायचा नाही, हा आपला पहिला नियम. त्यामुळे ट्विगोचा तो शिशाचा बोटभर पुतळा अकरा वर्षं पनीरच्या डब्याच्या झाकणावर (तीच विहीर) हातात दोरा धरून उभा आहे. मी त्याच्या आजूबाजूची धूळ पुसतो. त्याला हलवत नाही.

दोराचा निकाल न लावताच मी तिघांना विहिरीच्या तळाशी उतरवलं, आणि इथेच सगळं घोडं अडलंय. वर यायचं तर दोराला लटकायचं, आणि लटकायचं तर वर कोणी आहे की नाही ते कळणार. म्हणून ही मंडळी वर येतच नाहीत! अकरा वर्षं मी एकाहून एक राक्षस खाली सोडले. एकाचीही लढाई झाली नाही. मिल्ट (खेळात अजूनही बुटका लोहार, घरी अजूनही पंचावन्न गाई) त्या नरभक्षक दैत्याला म्हणाला, तुमचं जेवण झालं का? मग तिघांनी मिळून दैत्याची चिखलात रुतलेली गाडी ढकलून दिली. दैत्याने तरी काय करावं बिचाऱ्याने? त्याने आग्रह करून जेवायला ठेवून घेतलं. आर्लीन ग्रंथपालपदावरून निवृत्त झाली, पण खेळात अजून तीच कुऱ्हाडवाली रानटी बाई आहे. तिने कुऱ्हाड बाहेर दारातच ठेवली, का, तर गुहा नुकतीच पुसलेली दिसत होती. आणि आपले पाद्री टॉलेफ्सन, रविवारी नरकाचं भय घालणारे आणि शनिवारी भुतं उठवणारे, त्यांनी चाळीस सांगाडे उठवले आणि त्यांना लढाईला न पाठवता सामुदायिक जेवणाच्या खुर्च्या मांडायला लावलं. ड्रॅगनच्या गुहेत तर कहर झाला. ड्रॅगन म्हणाला, न्या ना सोनं. हे म्हणाले, नको नको, तुम्हालाच लागेल. शेवटी संकोचत संकोचत घेतलं, पण शेवटची मोहोर कोणी उचलेना. आपल्याकडे ताटातला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही ना! तिच्यावरून तीन शनिवार गेले. ड्रॅगनने वैतागून ती अर्धी कापून दिली, तर आता तो अर्धा तुकडा तिथे पडून आहे.

माझ्याकडच्या गुहा संपल्या रे दादा. चर्चच्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूसुद्धा नकाशे काढून संपल्या. म्हणून परवाच्या शनिवारी मी पाणी सोडलं. वर चढा, नाहीतर बुडा. मिल्टने दोऱ्याचं टोक बोटात धरलं आणि लगेच सोडून कॉफी आणायला गेला. पाद्री हळूच म्हणाले, ट्विगोला मेला असं जाहीर करून टाकू, दोन शब्द मी बोलतो, आणि दोर झाडाला बांधलेला होता असं समजू. मी हात वर करायला सांगितले. कोणीच हात वर करेना. मीही नाही. मग आर्लीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“वेंडेल,” ती म्हणाली, “वर कोणी आहे का, तेवढं सांग. नसेल तर पाणी उतरव.”

मी खेळ तिथेच थांबवला. म्हणून हे पत्र. सोबत पत्ता घातलेलं पाकीट आणि कागद जोडला आहे. ‘मारावे’ किंवा ‘मारू नये’ यापैकी एकावर खूण करून पाठव. मात्र एक स्पष्ट करतो, मी माघार घेतलेली नाही. जमिनीवर पडलेला फासा धरत नाहीत. वडील असते तर हेच म्हणाले असते. (वडील म्हणाले असते, दोघेही मूर्ख आहात, वर येऊन जेवा. पण ते वेगळं.)

वहिनींना नमस्कार. उन्हात टोपी घालत जा.

तुझा नियमाने वागणारा,
वेंडेल

ता. क. : गेल्या मंगळवारी भट्टीने राम म्हटला. घरात हातमोजे घालून जेवलो. गुरुवारी दोन माणसं आली आणि त्यांनी ती उचलून बाहेर नेली. खाली अकरा वर्षांची धूळ होती, ज्याच्या चोरीचा तू माझ्यावर आळ घेतला होतास तो तुझा स्क्रूड्रायव्हर होता, आणि फासा होता. गुडघा विसरून मी पालथा पडलो. वीस आहेत, दादा. अजून कोणाला सांगितलेलं नाही. फाशाला हात लावला नाही, वर काचेचा पेला उपडा घातलाय. नवी भट्टी त्या माणसांकडून दोन हात बाजूला बसवून घेतली, ते मला वेडा समजले.

ता. क. २ : पाकीट परत पाठवू नकोस. कागद फाडून टाक. पुढच्या शनिवारी दुपारी दोनला पाणी गळ्याशी येईल आणि आम्ही खालून दोर दोनदा हलवू. तू वर आहेस ना?