एस्किलचं एन्झाइम

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

एस्किलचं एन्झाइम मेलंय. तीनदा मोजलं. जिवंत असेल तर घातलेलं रसायन ते खात जातं आणि पडद्यावरची रेघ उतरत जाते. ही आपली आडवी. ढिम्म.

आज कॉफीबरोबर खायला आणायची पाळी नेमकी त्याचीच. वेलचीचे बन, घरी भाजलेले. दुसरा बन तोंडात असतानाच मी सगळ्यांदेखत म्हणाले, "एस्किल, बन ताजे आहेत, पण तुझं एन्झाइम वारलं बरं का." हशा पिकला. गुनवोर, आमच्या गटाची प्रमुख, तेवढी हसली नाही. "नक्की?" "नक्की."

"वर्ष गेलं गं ते शुद्ध करण्यात," एवढंच म्हणून एस्किलने रिकामा ट्रे उचलला. मंगळवारच्या बैठकीत त्याचं काम बंद होणार. म्हणजे नोकरीही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मनाला चैन पडेना, म्हणून प्रयोगशाळेत गेले. कालचा आलेख पुन्हा काढला. रेघ आडवी होती — पण पार तळाशी! मी उतार पाहिला, उंची पाहिलीच नाही.

माझ्याकडचा उरलेला थेंब खूप पातळ करून मोजला. रेघ सरसर खाली. एन्झाइम इतकं जोरकस, की काल मी यंत्राचं झाकण लावेपर्यंत सगळं फस्त! ताट चाटूनपुसून लख्ख, आणि मी म्हणते कुणी जेवलंच नाही. आधी पातळ करून बघा, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच बजावते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

माझा थेंब संपला. बाकीचं एस्किलच्या फ्रीजरमध्ये आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

फोन उचलला, ठेवला. समोरासमोर सांगितलेलं बरं, असं स्वतःला समजावलं. खरं कारण — आता हशा माझ्यावर पिकेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नाही सांगितलं. तो बाटल्या धूत होता. "सुट्टी कशी गेली?" त्यानेच विचारलं. "मस्त," म्हणाले आणि सटकले. स्वतःची किळस येते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बैठकीआधी त्याला गाठून सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काल संध्याकाळी फ्रीजर रिकामा केला मी. सगळ्या नळ्या टाकून दिल्या."

"अरे, टाकण्याआधी एकदा स्वतः मोजायचंस तरी."

"तू मोजलं होतंस ना," तो म्हणाला.