दोन माळवदांमधली एक वीत

मी, शिवम्मा महादेवप्पा मळगे, वय त्र्याहत्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी दबाव टाकून पाहिला त्यांचं काय झालं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला, तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला द्यायला ते तयार झाले नाहीत, पण या उन्हाळ्यात मी शिडी लावून माळवदावर चढले आणि उतरले, तेवढा पुरावा पुरे.

सन २०१५ मध्ये मी केलेलं मृत्युपत्र आज रद्द करते. त्यात एक कलम असं होतं की, माझ्या पश्चात मुलगा अमरेश याने माळवदावर, माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या हिश्शामध्ये, पुरुषभर उंचीची भिंत बांधावी. ते रागाच्या भरात लिहिलं होतं. आता वाचते तेव्हा माझंच मला हसू येतं.

या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक साक्षीदार तयार आहे. दुसऱ्या सहीची जागा मी मोकळी ठेवली आहे. ती सही मला माझ्या जावेची, महामायाची, हवी आहे. ती देईल की नाही हे या घटकेला मला माहीत नाही. नाहीच दिली तर हा कागद रद्दीत गेला तरी चालेल, तिच्या जागी दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही.

कलम १. राहत्या घराचा माझा अर्धा हिस्सा मुलगा अमरेश यास मिळावा. तो लातूरला असतो आणि दर दिवाळीला येऊन "आई, हे पाडू, स्लॅब टाकू" म्हणतो. अमरेश, घर तुझं आहे, पण महामायाकाकू हयात असेपर्यंत माळवद पाडायचं नाही. का, ते कलम ३ मध्ये आहे. ते नीट वाच. लहानपणी धडा न वाचता खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायचास, तसं करू नकोस.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझ्या पाटल्या मुलगी मंजुश्री हिला द्याव्यात. तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, फक्त उदगीरहून रोज फोन केला. दुसऱ्या कोणी या बाबतीत तोंड उघडू नये.

कलम ३. गळतीबाबत. हे कलम लांब आहे, कारण गळती लांबली.

आमचं घर जुन्या पद्धतीचं, मातीच्या छताचं, म्हणजे माळवदाचं. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, त्यांवर कडुलिंबाचा पाला, वर हातभर माती, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हा वरचा थर दर उन्हाळ्यात नव्याने द्यावा लागतो, म्हणजे पाणी मुरत नाही. सासरे होते तोवर आम्ही दोघी जावा मिळून माती टाकायचो. महामाया बिदरकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात, मातीच्या पाट्या वाहून थकलो की आम्ही माळवदावर बसायचो, आणि ओल्या पांढऱ्या मातीत बोटाने मी तिला तिचं नाव गिरवायला शिकवलं. चौथ्या दिवशी ती एकटी लिहू शकली. मला अक्का म्हणायची.

सन २००६ मध्ये वाटणी झाली. आमचे नवरे एका शब्दाने भांडले नाहीत. संध्याकाळी कट्ट्यावर एकत्र चहा पीत बसायचे, ते शेवटपर्यंत. भांडलो आम्ही. त्या वर्षी माझी माती यायची होती आणि तिची गाडी उतरली होती, म्हणून मी नेहमीसारखी तिच्या ढिगातून पाट्या भरू लागले. ती दारातून म्हणाली, "अक्का, पाट्या मोजून न्या हां." शेजारच्या बायका ऐकत होत्या. मी भरलेल्या सगळ्या पाट्या तिच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात उलट्या केल्या आणि घरात येऊन कडी लावली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. माती मात्र दरसाल पडत राहिली, माझ्या हिश्शावर माझी आणि तिच्या हिश्शावर तिची. मधल्या सामाईक भिंतीवर वीतभर जागा होती. तिथे मी माती टाकली असती तर माझी मूठभर तिला फुकट गेली असती, आणि तिने टाकली असती तर तिची मला. म्हणून दोघींनीही टाकली नाही. अठरा वर्षं दोन्हीकडचे थर चढत गेले आणि मध्ये चर पडला. तो चर आम्हाला दिसत होता. आम्ही त्याला हद्द म्हणायचो.

पुढे माझ्याकडे लिंगपूजेच्या पाटावर गळू लागलं. मी पाट तीनदा हलवला. अमरेशने जिथे गळत होतं त्याच्या बरोबर वर ताडपत्री घातली, डांबर ओतलं, डब्यातलं महागडं औषध फासलं. पाणी गळतच राहिलं. महामायाने तिकडून मुद्दाम काहीतरी केलं असणार याबद्दल माझी खात्री होती. तिच्या ज्वारीच्या कणगीवर गळत होतं आणि तिची माझ्याबद्दल तीच खात्री होती, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा मे महिन्यात मी लोह्याहून रामकिशन गवंड्याला बोलावलं. माळवदाचं काम कळणारे आता फार उरले नाहीत. तो वर गेला, बसला, विडी ओढली आणि म्हणाला, "बाई, पानी जिथं गळतंय तिथं घुसत न्हाई. ते तुळईवरून चालत येतंय. चोर घरात कुठून शिरला ते बघा, कुठं सापडला ते नका बघू."

त्याने घागरभर पाण्यात हळद कालवून ते माझ्या हिश्शावर ओतलं. अर्धा तास मी खाली घरात, मान वर करून उभी. एक थेंब नाही. "माझं माळवद साफ आहे!" हे मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "गवंडीदादा, मग माझ्याबी माळवदावर ओता की! होऊ द्या कुणाचं समाधान."

ओतलं. तिच्याकडेही कोरडं. मग रामकिशन त्या चरापाशी उकिडवा बसला आणि एकटाच हसू लागला. हळदीच्या पाण्याची आणखी एक घागर त्याने चरात रिती केली आणि दोघींना आपापल्या गळतीखाली उभं राहायला सांगितलं.

थोड्या वेळाने माझ्या पाटावर पिवळा थेंब पडला. मी ओरडले, "आलं!" त्याच क्षणी भिंतीपलीकडून ओरडणं आलं, "आलं!"

आणि मग महामाया हसली. तिचं हसणं मी अठरा वर्षांनी ऐकलं. ते तसंच आहे, कोंबड्या दचकून पळतील असं. मला आवरेना. मी पाटावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशीही झाला नव्हता.

रामकिशनने चर उकरून कुजलेल्या फळ्या बदलल्या, लिंबाचा ताजा पाला अंथरला, माती धुमसली आणि भिंतीवर उंचवटा करून दोन्हीकडे उतार काढला. तीन दिवस मी आणि महामायाने पाट्या भरून दिल्या. कोणाच्या ढिगातून कोणी किती घेतल्या हे विचारू नये, सांगता येणार नाही. या तीन दिवसांत आम्ही माती, पाला, गुडघे आणि सुना या विषयांवर भरपूर बोललो. अंगणात उलटवलेल्या पाट्यांबद्दल मात्र दोघीही बोललो नाही. ते मी इथे लिहिते. महामाया, माझं चुकलं. तू एक वाक्य बोललीस आणि मी अठरा वर्षं धरून बसले.

यंदा पाऊस चांगला झाला. पाट कोरडा आहे.

कलम ४. माती ठोकायची यजमानांची धुमस आणि माझी शिडी अमरेशला. धुमस कशाशी खातात हे त्याने रामकिशनला विचारावं.

कलम ५. मला आपल्या रीतीप्रमाणे बसवून समाधी द्यावी, इष्टलिंग हातात असावं. भाषणं नकोत. पहिली माती महामायाने टाकावी. तिला हवी तेवढी टाकू द्यावी, आणि ती कोणी मोजू नये.

कलम ६. मधल्या वितीतला माझा जो काही हक्क असेल तो मी माझी जाऊ महामाया गुरुलिंग मळगे हिला देते.

वरील कलम ६ बाबत खुलासा. हा मसुदा वाचून उमाशंकर वकील म्हणाले की, मृत्युपत्रात जिला काही मिळतं तिने साक्षीदार होऊ नये. झाली तर तिला दिलेलं बाद होतं. तेव्हा वीत किंवा सही, दोन्हींतलं एकच. मी कागद घेऊन तिच्या दारात गेले, सगळा मसुदा वाचून दाखवला आणि विचारलं, काय घेतेस?

तिने कागद माझ्या हातून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, उठून आत जाईल.

मग म्हणाली, "अक्का, ती वीत घालवा चुलीत. सही करायला तुमीच शिकवलं अन् अठरा वर्षं तुमच्या एकाबी कागदावर माझी सही न्हाई. आना इकडं पेन."

सबब कलम ६ रद्द. मधली वीत कोणाचीच नाही. दरसाल माती टाकायला तिथूनच सुरुवात करावी, आणि ती दोन्ही घरांनी मिळून टाकावी.

लिहून ठेवणार: शिवम्मा महादेवप्पा मळगे (सही)

साक्षीदार पहिला: रामकिशन गवंडी, राहणार लोहा (सही)

साक्षीदार दुसरी: महामाया गुरुलिंग मळगे, राहणार अहमदपूर (सही)
तिने सांगितलेला शेरा, मी तिच्याच शब्दांत लिहिला: "अक्कानं समदं वाचून दाखवलं. खरं हाय. पाट्या मोजायला लावल्या ती माझी चूक. कोंबड्यांचं लिहिलंय ते मातर खोटं हाय."

दिनांक: १२ ऑगस्ट २०२४, श्रावणातला दुसरा सोमवार
ठिकाण: अहमदपूर, माळवदावर, मधल्या वितीवर सतरंजी टाकून