सिमीच्या धक्क्यावर मी बोट अडवली

ती. पोलिक्सेनीताईस,

धाकट्या एव्हान्थियाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? देवमाता तुम्हा दोघांना सुखात ठेवो. माझं विचारू नकोस. माझं डोकं कालपासून चुलीवर आहे.

मुलांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ही सफर भेट दिली, हे तुला ठाऊक आहेच. जन्म बोटींच्या इंजिनखोलीत काढलेल्या माणसाला विसाव्यासाठी पुन्हा बोटीवरच पाठवायचं, ही अक्कल माझ्या मुलांचीच. (बापावर गेलीत.) पण मीही भुलले. निवृत्त झाल्यापासून तुझे मेहुणे पिरेयसच्या घरात खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात. म्हटलं, इथे निदान समुद्राकडे बघतील, जमलं तर माझ्याकडेही. कसलं काय! खुर्ची बदलली, माणूस तोच.

काल बोट सिमी बेटाला लागली. संध्याकाळपर्यंत गावात हिंडायची मोकळीक. मी निळा झगा घातला, ह्यांना पांढरा सदरा चढवला (इस्त्री मी केली, हे लक्षात ठेव). बेत साधा होता. पायऱ्या चढून वरच्या देवळात जायचं, दोघांनी मिळून मेणबत्ती लावायची, खाली येऊन तिथली ती तळलेली बारीक कोळंबी खायची. पण आम्ही धक्का ओलांडतो न ओलांडतो, तोच एका जुनाट होडक्याचं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. होडक्यात सोतिरिस नावाचा म्हातारा कोळी पाना घेऊन इंजिनाच्या सात पिढ्या उद्धरत होता. हे जागीच थांबले, शिकारी कुत्र्यासारखे कान टवकारून.

"नळीत हवा शिरलीय," हे म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलं वाक्य, आणि तेही मला उद्देशून नाही! मी दंडाला धरून ओढलं, तर म्हणाले, "तू हो पुढे. मी आलोच." ताई, नवऱ्याच्या 'आलोच'वर जी विसंबली ती बुडाली.

मी एकटी चढले. त्या पायऱ्या ज्याने बांधल्या त्याला बायको नसावी. असती तर तिने मध्ये कुठेतरी बसायला बाक मागितला असता. देवळात माझ्या नावाची मेणबत्ती लावली, ह्यांच्या नावाची लावली, मग राग आला म्हणून ह्यांची विझवली, मग देवाची भीती वाटली म्हणून परत लावली. खाली आले तर पांढरा सदरा काळा, नाकावर वंगण, आणि हे सोतिरिसच्या पाठीत थाप मारून खदाखदा हसताहेत. मी हाक मारली. "आलोच!" मी समोरच्या खाणावळीत बसून दोघांची कोळंबी एकटीने संपवली. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, आणि ही दोन म्हातारी पोरं होडकं घेऊन बंदराबाहेर पसार.

बोटीने भोंगा दिला तरी ह्यांचा पत्ता नाही. शिडीवर पांढऱ्या टोपीतला अधिकारी उभा होता.

"बाईसाहेब, आत चला."

"नवरा आला की येते."

"मग खाली उतरा. शिडी उचलायचीय."

"उचला की! माझ्यासकट उचला!" असं म्हणून मी शिडीच्या मधोमध फतकल मारली.

वर कठड्याशी सगळी बोट गोळा झाली. थेसालोनिकीची एक बाई ओरडली, "हलू नकोस गं!" तिचा नवरा म्हणाला, "अहो, सोडून द्या त्याला, सुटेल बिचारा!" मला तरी ह्यांची काळजी कुठे होती? मला त्यांचा गळा दाबायचा होता, आणि त्यासाठी ते बोटीवर हवे होते. तरी बंदराच्या तोंडाकडे बघून बघून माझे डोळे दुखायला लागले, हे तू कोणाला सांगू नकोस.

शेवटी दुसरी एक होडी त्यांना ओढत घेऊन आली. इंजिन भर समुद्रात पुन्हा बंद पडलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांना वाटलं, आपल्या कारागिरीला! वाकून नमस्कार केला, शिडी चढून माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "नळी नव्हे गं, पंपच गेलाय. साफ चुकलो मी!" आणि पुन्हा हसले. रात्री जेवताना ह्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू.

राग कशाचा आहे, सांगू? ह्यांना हसवायला मी काय नाही केलं! नातवंडं आणून मांडीवर ठेवली, आवडीचं शिजवलं, वेंधळ्यासारखी नाचलेसुद्धा. आणि हसवलं कोणी? सोतिरिसच्या भंगार होडक्याने!

तुझी,
एव्हान्थिया

ता. क. मी त्यांच्याशी बोलणं सोडलंय. बोट पिरेयसला लागली की थेट कालामाताला तुझ्याकडे येते. एकटी. एक अंथरूण घाल.

ता. क. २ दोन घाल.

ता. क. ३ भाऊजींच्या लिंबाच्या बागेतलं विहिरीवरचं इंजिन अजून चालतं का? चालत असेल, तर आम्ही यायच्या आत बिघडवून ठेवायला सांग. कायमचं नको, महिनाभर पुरेल इतकंच. आणि मी सांगितलं, हे ह्यांना कळता कामा नये.