गवत भिजवा म्हटलं तर

ती. आईस,
येलहंक्याहून रविकिरणचा नमस्कार. जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस. पण घोडेस्वारीच्या शाळेतली ही डॉक्टरकी डोकं फिरवते बघ.

इथल्या शर्वरी घोडीला दमा आहे. वाळल्या गवताची धूळ नाकात गेली की तिच्या श्वासनळ्या आवळतात. गवत भिजवून घाला, असं मालकांना महिनाभर सांगतोय. ते आपल्या कानडी ढंगात म्हणतात, "डॉक्टर, पाण्याची मारामार आहे. स्वल्प इंजेक्शन द्या ना, रविवारी मुलं येतात."

त्या इंजेक्शनने श्वास मोकळा होतो, पण आतडं मंदावतं. त्यांच्या आग्रहाने एकदा दिलं, तर पोटदुखीने ती दिवसभर लोळत होती. मला बघवेना.

शेवटी मीच रोज सकाळी सहाला जाऊन गवत भिजवू लागलो. तबेल्यातले आप्पाजी आधी हसले, आता तेही बादली धरतात. दहा दिवसांत तिचा खोकला थांबला.

काल मालक खूश होऊन म्हणाले, "बघा, इंजेक्शन दिलंत आणि गुण आला!"

आई, त्या एका वेळेनंतर मी सुईला हातही लावला नव्हता. तसं सांगितलं तर म्हणाले, "बरी झाली ना? मग आता गवत कशाला भिजवायचं?"

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? धुळीने मलाही थोडा खोकला आहे, पण बाबांना सांगू नकोस. ते नोकरी सोड म्हणतील, आणि शर्वरीला यांच्या हाती सोडून मला येववणार नाही.

तुझा,
रविकिरण