पंपाची पुली

दिशा बाय,

गाडी चालू करू नको. पाण्याच्या पंपाची पुली मी काढून नेली आहे. दिघीच्या लेथवाल्याकडून तिच्याहून मोठी बनवून आणतो, दुपारच्या एसटीनं परत येईन.

लहान पुलीनं पंप जोरात फिरतो, म्हणजे इंजिन जास्त गार राहील, असं तुला वाटतं. मलाही वाटायचं. जाळं ओढताना होडीचं इंजिन सावकाश चालतं, तेव्हा ती बरी. पण भरधाव पळवलं की पंपातल्या पाण्याचा फेस होतो आणि इंजिन तापून जाम होतं. तुझी रेस तर सगळी भरधावच.

सकाळी तू ॲक्सिलरेटर दाबलास तेव्हा पंपात खडे फिरल्यासारखा आवाज आला. तो आवाज मी नऊ वर्षं ऐकतोय. वादळातून परतताना तुझ्या बापानं फोन इंजिनाजवळ धरला होता. "बाबा, ऐका ना, पंप कसा वाजतोय!" मी म्हणालो, "भित्रा कुठला! पळव गप." होडी सापडली, विनेश नाही.

होडीला ती लहान पुली मीच बसवली होती. तुझ्या आईला हे ठाऊक नाही.

नवी पुली मी आणतो, पण बसव तू. माझ्या हातानं नको.

तुझा आजा