रविवारचा कडपा

रविवार, शहापूर.

आज ख्रिस्ती जगतावर मोठं संकट कोसळलं: उपासनेनंतर मला चहा मिळाला नाही. चहा करणारी मार्थाबाई आभाळ भरलेलं पाहून मधूनच उठली आणि पाय मोडून खाटेवर पडलेल्या शांताबाईच्या शेतात गेली. तिथे कापलेल्या धानाचा कडपा उघडा होता. भिजला तर बाईचं वर्षाचं अन्न गेलं.

मंडळीचे पुढारी, वडीलजन सॅम्युएलभाऊ चर्चच्या दारातच भडकले. "प्रभूचा दिवस मोडला तिनं! रविवारी काम करू नये, ही आज्ञा हाय!"

"भाऊ, तुमच्या धानाच्या बांधीत हार्वेस्टर चालून राहिला ना?" मी विचारलं.

"मशीन चालून राहिली जी. मी कुठं हात लावला?"

म्हणजे देवाला हात दिसतात, हार्वेस्टर दिसत नाही? आज्ञेत फट शोधणाऱ्याचा मला नेहमीच संशय येतो. पण मग मी कशाला बसून राहिलो? भक्तीनं, की कंबर वाकवायच्या कंटाळ्यानं? हार्वेस्टर निदान काम तरी करत होता.

शांताबाईनं धानाच्या रोवण्याच्या वेळी माझ्या बांधीत एक दिवस राबून दिला होता. तो दिवस फेडायची माझी पाळी बाकीच होती. घरी न जाता तिच्या शेतात गेलो.

"इतक्या उशिरा काहून जी?" मार्थाबाई म्हणाली. "धरा तिकडून."

धरलं. अंधार पडायच्या आत शेवटचा भारा बांधला, आणि माझी पाळी फिटली.